लंडनच्या माळ्यावरचा उन्हाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

सोलापूरच्या माणसानं लंडनमध्ये जाऊन उकाड्याची तक्रार करावी, यासारखी हसण्याजोगी गोष्ट दुसरी नाही. मीही आधी हसलोच होतो. २०२२ च्या जुलै महिन्यात मी लंडनला लेकीकडे होतो. तिचं संख्याशास्त्रातलं एम.एस्सी. संपत आलं होतं आणि शेवटचा प्रबंध लिहिणं चालू होतं. एका दुपारी ती म्हणाली, ‘‘अब्बा, फार उकडतंय. काही सुचत नाही.’’ त्या दिवशी पारा ३१ अंशांवर होता. ३१ म्हटलं की आम्ही सोलापुरात पंखा एकवर ठेवतो. मी म्हणालो, ‘‘बेटा, आम्ही ४३ मध्ये बी.ए. केलंय.’’ (घरी आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो आहे.) ती काही बोलली नाही. माझ्या त्या एका वाक्याचं पुढं काय झालं, ते सांगायचं आहे. आणि उन्हात अभ्यास का होत नाही, याबद्दल जे थोडंफार मला तिथं कळलं, तेही.

ब्रिटनमधलं एका वर्षाचं एम.एस्सी. आपल्याकडच्या दोन वर्षांच्या मानानं फार घाईचं असतं. सप्टेंबरअखेर मूल तिथं पोचतं. मे-जूनपर्यंत वर्ग आणि परीक्षा उरकतात, आणि उरलेला सगळा उन्हाळा प्रबंधाचा. ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरच्या सुरुवातीला तो द्यायचा. हे वेळापत्रक ज्यांनी आखलं, त्यांच्या लेखी जुलै-ऑगस्ट म्हणजे वर्षातला सर्वांत सुखाचा काळ. ऊबदार हवा, लांबलचक दिवस, रिकामी ग्रंथालयं. अभ्यासाला आणखी काय हवं?

पण बाहेरून आलेल्या मुलांच्या बाबतीत याच दोन महिन्यांत सगळ्या गोष्टी एकदम संपायला येतात. खोलीचा करार संपत असतो, व्हिसाची तारीख जवळ येत असते, नोकरीचे अर्ज चाललेले असतात. मार्गदर्शक ऑगस्टमध्ये सुट्टीवर जाणार असतात, म्हणून कच्चा मसुदा त्याआधी त्यांच्या हातात पडावा लागतो. आमच्या बाबतीत शैक्षणिक कर्जही होतं. ते घराच्या कागदांवर काढलेलं. लेकीला याची माझ्यापेक्षा जास्त आठवण असे. आकडेमोडीतल्या एखाद्या चुकीनं प्रबंध अडला, तर तो नुसता प्रबंध अडत नव्हता.

तिची खोली पूर्व लंडनमध्ये, लेटन भागात होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, एकाला एक चिकटून उभी असलेली विटांची घरं. वर उतरतं छप्पर, काळसर पाटीच्या दगडाचं. त्या छपराखालच्या मोकळ्या जागेत पुढं कुणीतरी खोली काढलेली. आपण जिला माळा म्हणतो, तीच ही जागा. भाडं त्यातल्या त्यात कमी म्हणून तिनं ती घेतली होती. एका बाजूला मला ताठ उभं राहता येत नसे. छपराच्या उतारातच एक काचेची खिडकी होती, दक्षिणेकडची. हिवाळ्यात हीच खिडकी तिचं सुख होती. जानेवारीत तासभर ऊन टेबलावर यायचं आणि ती मला त्याचा फोटो पाठवायची.

आता असं बघा. ते घर थंडीसाठी बांधलेलं आहे. आत आलेली ऊब बाहेर जाऊ नये, ही त्याची सगळी हुशारी. छपराला आतून लोकरीसारखं जाड अस्तर, खिडक्यांना दुहेरी काचा, फटी बुजवलेल्या. काचेतून ऊन आत येतं, टेबलावर, गादीवर, भिंतीवर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता मात्र काचेतून तशी बाहेर जात नाही. त्यात एक माणूस, एक दिवा, दिवसभर तापलेला एक लॅपटॉप. हिवाळ्यात हे वरदान. जुलैत मात्र खोलीची भट्टी होते. छताला पंखा नाही. छताला हूकसुद्धा नाही. तिथल्या बहुतेक घरांत शीतयंत्र नसतं, कारण आजवर त्याची गरजच पडली नव्हती.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. सोलापुरात मे महिन्यात सातच्या सुमाराला सूर्य मावळतो. लंडनला जुलैच्या मध्यावर तो पहाटे पाचला उगवतो आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. सोळा तास ऊन. रात्र म्हणून जी येते, ती विटा निवायच्या आतच संपते. मी मगरिबच्या नमाजासाठी सव्वानऊपर्यंत वाट बघायचो तेव्हा हे आकाशातलं नवल वाटायचं. ते घराच्या भिंतींतही मुरतंय, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

बकरी ईद तिथं ९ जुलैला झाली. त्या आठवड्यात हवा तापायला लागलेलीच होती. १५ जुलैला तिथल्या हवामान खात्यानं उष्णतेचा लाल इशारा दिला, १८ आणि १९ तारखेसाठी. अशा प्रकारचा हा त्या देशातला पहिलाच लाल इशारा. गरज नसेल तर रेल्वेनं प्रवास करू नका, असं सांगण्यात आलं. मी टीव्हीवर ते ऐकून पुन्हा हसलो. माझ्या हसण्याचा हिशेब मी आज मुद्दाम मांडतो आहे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात गारवा होता. मग तिथं का जायचं नाही? त्या आधीच्या दोन दिवसांत ती गेलीही होती. पण लेटनहून मध्य लंडनला जाणारी भुयारी रेल्वे म्हणजे सेंट्रल लाइन. तिच्या डब्यांत वातानुकूलन नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे बोगदे लंडनच्या चिकणमातीतून खणले, तेव्हा भोवतालची माती १४ अंशांच्या आसपास थंड होती. उन्हाळ्यात गारव्यासाठी भुयारी रेल्वेनं या, अशी तेव्हा जाहिरात होत असे. गाड्यांच्या ब्रेकची, मोटारींची आणि माणसांची उष्णता ती माती वर्षानुवर्षं पीत राहिली. आता तिला आणखी पिववत नाही. अर्धा तास त्या डब्यात उभं राहून मूल ग्रंथालयात पोचलं, की पहिला तास नुसता सावरण्यात जातो. शिवाय गारव्यासाठी तिथं येणारी ती एकटी थोडीच होती! बसायला जागा मिळेना. १८ तारखेला आम्ही घरीच राहायचं ठरवलं.

मी लेटनमध्ये पंखा शोधायला निघालो. चार दुकानांत नाही, पाचव्यात पाटीच लावलेली: पंखे संपले. परत आलो आणि सोलापुरी डोकं चालवलं. लेकीनं घरून एक सोलापुरी चादर नेली होती. ती ओली करून मी खोलीत आतल्या बाजूनं टांगली आणि बाहेरची झळ येऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावून घेतली. वाळ्याच्या पडद्याची आठवण होती ना डोक्यात! तासाभरात खोलीत बसवेना. कूलर कसा चालतो, हे ज्याला चांगलं ठाऊक असायला हवं, त्या माणसानं ही चूक केली. कूलरपुढं खिडकी उघडी ठेवावी लागते. बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आत येते आणि दमट झालेली हवा दुसरीकडून निघून जाते, तेव्हा गारवा होतो. कोंडलेल्या खोलीत ओलं कापड टांगलं की हवेत नुसतं पाणी भरतं. मग अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. परदेशात दमटपणामुळं त्रास होतो असं आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. त्या दोन दिवसांत लंडनची हवा चांगलीच कोरडी होती. दमटपणा माझा होता.

त्याच संध्याकाळी तिच्या हातून घोळ झाला. मोठ्या आकडेवारीवर तिचं काम होतं. हुकूम एकामागून एक ठरल्या क्रमानं द्यायचे असतात. तिनं क्रम चुकवला आणि नवी फाईल जुनीवर चढली. तीन दिवसांचं काम पुसलं गेलं. लॅपटॉपही तापून मंद झाला होता. त्याचा पंखा विमानासारखा घरघरत होता. ती डोकं धरून बसली आणि म्हणाली, ‘‘अब्बा, माझं डोकं चालतच नाहीये.’’ मी तिला धीर द्यायला हवा होता. मी म्हणालो, ‘‘डोकं ऊन बघून चालत नसतं. लक्ष कुठं होतं तुझं?’’

१९ जुलै, मंगळवार. त्या देशात त्याआधी कधी ४० अंश सेल्सिअस नोंदलं गेलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला हीथ्रो विमानतळावर ४०.२ ची नोंद झाली, आणि पुढं लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी इथं ४०.३ ची. जुना उच्चांक ३८.७ चा होता, २०१९ मधला, केंब्रिजचा. आदल्या रात्री लंडनच्या काही भागांत पारा २५ च्या खाली उतरलाच नव्हता. पूर्वेला वेनिंग्टन गावात वाळल्या गवताला आग लागून घरं जळाली. सगळी दुपार बंबांच्या घंटा ऐकू येत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याला इतका धावपळीचा दिवस आलाच नव्हता, असं लंडनच्या अग्निशमन दलाकडून नंतर सांगण्यात आलं. गुगल आणि ओरॅकल या कंपन्यांच्या तिथल्या संगणक केंद्रांची शीतयंत्रणा त्या दिवशी अपुरी पडली आणि यंत्रं बंद करावी लागली. त्या यंत्रांना कुणी विचारलं नाही की तुमचं लक्ष कुठं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला मी खालून पाणी घेऊन वर आलो, तर लेक टेबलाशी नव्हती. जमिनीवर पडली होती. चेहरा पांढरा फटक, अंग घामानं चिंब आणि हाताला गार लागणारं. मळमळतंय म्हणाली आणि तिथंच उलटी झाली. मी तिला कसंबसं दोन जिने उतरवून तळमजल्यावर आणलं. तिथं मागच्या बाजूला स्वयंपाकघर होतं, उत्तरेकडचं, फरशीचं. खालच्या खोलीत मूळच्या सिल्हेटच्या एक वयस्क बाई राहायच्या. त्यांनी काही न विचारता फरशीवर चटई टाकली, तिचे पाय उशीवर उंच ठेवायला सांगितले, मानेवर आणि काखेत ओले टॉवेल ठेवले आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. मी एका मासिकानं वारा घालत राहिलो. अर्ध्या तासात तिच्या तोंडावर रंग आला.

हा अर्धा तास महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. तिला झालं होतं त्याला उष्णतेचा थकवा म्हणतात. घाम खूप येतो, डोकं दुखतं, भोवळ येते, मळमळतं. माणसाला गार जागी नेलं, पाणी दिलं, अंग ओलं करून वारा घातला, तर अर्ध्या तासात उतार पडायला हवा. पडला नाही, माणूस असंबद्ध बोलायला लागला, शुद्ध हरपायला लागली किंवा अंग तापून भाजायला लागलं, तर तो उष्माघात. मग घरगुती उपाय करत बसायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत अंग निववत राहायचं. आपल्याकडे दोन्हींना मिळून ‘ऊन लागलं’ एवढंच म्हणतात. त्या एका शब्दात जीव जाणं आणि न जाणं, दोन्ही झाकलं जातं.

जरा बरं वाटल्यावर ती म्हणाली, ‘‘सकाळपासून डोकं दुखत होतं. तुम्हांला सांगितलं नाही. तुम्ही परत म्हणाला असतात...’’ वाक्य तिनं पुरं केलं नाही. सिल्हेटच्या बाईंना मराठी येत नव्हतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मी विचार करायला लागलो, की माझ्या ४३ मध्ये आणि तिच्या ४० मध्ये नेमका काय फरक होता. पहिली गोष्ट शरीराची. माणूस उन्हाला सरावतो, हे खरं आहे, आणि तो सराव फार लवकर होतो. आठवडा-दोन आठवडे पुरतात. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं. सोलापुरात मार्चपासून पारा हळूहळू चढत जातो आणि आपलं शरीर त्याच्या मागोमाग चढतं. पण उष्णतेपासून दूर राहिलं, की हा सराव काही आठवड्यांत उतरूनही जातो. तो जन्माचा नसतो, गावाचा नसतो, रक्तातला तर नसतोच. लेक दहा महिने थंडीत राहिली होती. शरीराच्या हिशेबानं ती आता सोलापूरची नव्हती. मी मात्र मे महिन्याचं सोलापूर अंगावर घेऊन तिथं गेलो होतो. एकाच खोलीत, एकाच उन्हात आम्ही दोन वेगळी शरीरं घेऊन बसलो होतो.

दुसरी गोष्ट झोपेची. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. तिच्या टेबलावर तापमान दाखवणारं छोटं घड्याळ होतं. १८ तारखेला रात्री अकरा वाजता ते ३४ दाखवत होतं. अशा खोलीत झोप तुकड्यातुकड्यांनी येते. आणि वाचलेलं मनात रुजतं, त्याला आकार येतो, तो झोपेतच. डोळ्यांना दिसत असतं की मूल रात्रभर पलंगावर होतं. मेंदू मात्र जागाच असतो.

तिसरी गोष्ट मेंदूची. त्याचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण खर्च सुमारे २० टक्के. उन्हात रक्त कातडीकडे धावतं, कारण तिथून उष्णता बाहेर टाकायची असते. घामावाटे पाणी जातं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं, तरी लक्ष विस्कटायला लागतं. पाठ असलेलं म्हणून दाखवणं जमतं. पण चार गोष्टी एकाच वेळी मनात धरून त्यांचा क्रम लावणं, नको ते बाजूला सारणं, हे आधी बिघडतं. प्रबंध म्हणजे दुसरं काय असतं?

याबद्दल लेकीनंच मला नंतर एक अभ्यास दाखवला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ च्या उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये केलेला; तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४४ निरोगी तरुण विद्यार्थी. २४ जण शीतयंत्र असलेल्या वसतिगृहात, २० जण नसलेल्या. बारा दिवस, रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांनी मोबाईलवर छोट्या चाचण्या द्यायच्या. मधल्या पाच दिवसांत उष्णतेची लाट होती. शीतयंत्र नसलेल्या खोल्यांतली मुलं उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ घेत होती, आणि साध्या बेरीज-वजाबाकीतही जवळपास तितकीच मागं पडत होती. त्या खोल्यांतलं सरासरी तापमान किती होतं, माहीत आहे? २६ अंशांच्या थोडं वर. आपण त्याला गारवा म्हणू. आणखी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटली. दोन वसतिगृहांतला फरक सर्वांत जास्त दिसला तो लाट ओसरताना. बाहेर हवा निवली होती, पण विटांमधली उष्णता अजून आत उतरत होती. बाहेरच्या माणसाला वाटतं, आता काय तक्रार आहे यांची?

आमच्याकडेही तेच झालं. २० तारखेला बाहेर छान वारा सुटला. माळ्यावरचं घड्याळ दोन दिवस हट्टानं तिशीच्या वरच होतं.

मग आम्ही घराची घडी बदलली. टेबल उचलून खालच्या स्वयंपाकघरात आणलं. पहाटे चारला उठून नऊपर्यंत ती लिहायची. दुपारी नुसतं वाचायचं, आकड्यांना हात लावायचा नाही. झोपायचं खालीच. आणि चादर या खेपेला बाहेर गेली. ती छपरातली खिडकी मधोमध फिरते. ती फिरवून काचेच्या बाहेरच्या अंगाला चादर पसरली आणि कडा आत चेपून खिडकी लावून टाकली. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन मग अडतं. उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तरच उपयोग. आपल्याकडे ओसरी, पागोळ्या, बांबूच्या चिका, हे सगळं बाहेर का असतं, याचं उत्तर मला तिथल्या छपरावर मिळालं. रस्त्यावरून जाणारे लोक वर बघायचे. काळ्या छपरावर लाल-हिरव्या सोलापुरी नक्षीचा चौकोन दिसायचा, तो बरा दिसायचा.

इंग्लंडमध्ये नव्या घरांसाठी आता नियम आहे, की ती उन्हाळ्यात फार तापू नयेत अशी बांधावीत. तो नियम लागू झाला १५ जून २०२२ ला, या लाटेच्या महिनाभर आधी. पण तो नव्या घरांपुरता. परक्या देशातून शिकायला गेलेलं मूल राहतं जुन्या घराच्या माळ्यावर. त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या दिवसांत इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे ३,००० मृत्यू जास्त झाले, असं तिथल्या आरोग्य सुरक्षा संस्थेचं अनुमान आहे. ते बहुतेक सगळे वृद्ध. तरुण मरत नाहीत. म्हणून त्यांचं काय गेलं, हे कुणी मोजत नाही.

मी जुलैअखेर परत आलो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडं पुन्हा पारा ३४ च्या घरात गेला, पण तोवर तिला घर कळलं होतं. तिनं विद्यापीठाकडे आठवड्याची मुदतवाढ मागितली होती. त्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला. दाखला कुठून आणणार? स्वयंपाकघराच्या फरशीचा दाखला मिळत नाही. तिनं एक प्रकरण छाटलं आणि प्रबंध वेळेवर दिला. वरची श्रेणी तीन गुणांनी हुकली. उन्हामुळंच हुकली असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. नोकरी लागली, हप्ते सुरू झाले. त्या वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘जाऊ द्या अब्बा.’’ गेलं की नाही, ते मला ठाऊक नाही.

पण ‘आम्ही ४३ मध्ये बी.ए. केलं’ हे वाक्य मी परत आल्यावरही मनात उलटंपालटं करत राहिलो. कारण त्यात एक खोट होती. १९८९ सालची गोष्ट. तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. परीक्षा एप्रिलमध्ये. अम्मी खिशात कांदा घालून पाठवायची. कांद्यानं ऊन बाधत नाही या समजुतीला काही आधार नाही, पण त्या वासानं मला आजही बी.ए.ची आठवण येते. अभ्यास मी करायचो तो मधल्या माळवदाच्या खोलीत. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि वर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. भिंती दोन हात रुंद. दुपारचं ऊन त्या मातीतून झिरपत खाली यायला रात्र व्हायची, आणि तोवर आम्ही सगळे माळवदावर झोपायला गेलेलो असायचो. बाहेर ४३ असायचे. माझ्या खोलीत नसायचे.

बाहेरचे ४३ ज्या खोलीत येत असत, ती होती मागची, पत्र्याची. तिथं माझी धाकटी बहीण बसायची. घरात बी.ए. करणारी दुसरी तीच. पत्र्याला जाडी नाही, उशीर नाही. ऊन वर पडलं की खाली आलंच. शिवाय शेजारी चूल. मधली खोली मला, कारण मी मुलगा, आणि माझं शेवटचं वर्ष. माझं झाल्यावर ती खोली वडील झोपायला घेऊ लागले. १९९१ मध्ये बहीण दुसऱ्या वर्षाला नापास झाली. अब्बा म्हणाले, बास झालं. कुणी वाद घातला नाही. ती हुशार नाही, असं आमचं सगळ्यांचं ठरलं, आणि तिचंही.

लंडनहून आल्यावर मी तिला फोन केला. ती आता बार्शीला असते. लेकीचं सगळं सांगितलं, बॉस्टनच्या मुलांचं सांगितलं. मग पत्र्याच्या खोलीचा विषय काढला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘भाईजान, मी फरशीवर पाणी ओतून बाजेखाली बसायचे. वही ओली व्हायची म्हणून अम्मी ओरडायची.’’ हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

तिचा धाकटा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. चौघांत एक खोली, सर्वांत वरच्या मजल्यावर, वर नुसता स्लॅब. एप्रिल-मेमध्ये त्याचा फोन आला की ती त्याला म्हणायची, लक्ष दे जरा. परवा तिनं मला विचारलं, ती चादर खिडकीला नेमकी कशी बांधायची. मी म्हणालो, मोजमाप घ्यायला सांग, आणि आतून नाही, बाहेरून. ती म्हणाली, ‘‘थांब, लिहून घेते.’’ आणि मला फोनवर तिचं पेन शोधणं ऐकू येत राहिलं.